भिडस्त भूत

सकाळचा उजेड त्या घरात सरळ कधीच येत नसे. आधी तो समोरच्या इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीला लागे, तिथे थोडा रेंगाळे, मग खालच्या मजल्यांच्या काचांवर उतरे, आणि त्या काचांनी परतवला की थोडासा निवलेला, थोडासा संकोचलेला होऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर येऊन पडे. पडे म्हणणेही जास्तच. तो नुसता टेके. प्रथम नळाच्या तोंडाशी लोंबणाऱ्या थेंबात तो गोळा होई. थेंब सुटला, की पुढचा भरेपर्यंत त्याला तिथे जागा नसे, आणि तेवढ्यात पातेल्यावरच्या झाकणाच्या कडेने तो एक बारीक रेघ ओढून घेई. मग भिंतीवरच्या फरश्यांची एक ओळ उजळे, काही वेळाने तिच्याखालची. आदल्या संध्याकाळी कपाने ओट्यावर सोडलेले चहाचे वर्तुळ, जे दिव्याच्या प्रकाशात कुणाला दिसले नव्हते, ते आता सावकाश तांबूस होत वर येई. हवेतले कण चढत, उतरत, कुठेच पोहोचत नसत. फ्रिजच्या दारापर्यंत जाता जाता त्या उजेडाचा रंग संपे, आणि उरे तो नुसता दिवस.

त्यात अद्भुत असे काहीही नव्हते. तरी त्या घरात एकटा राहणारा लेखक रोज ओट्याच्या टोकाशी कोरे कागद मांडून, कोपर टेकून, त्या उजेडाकडे एकटक बघत बसे. कारण त्याचा धंदा अद्भुताचा होता, आणि तो त्याला फक्त याच वेळी, याच जागी जमत असे. तो भुतांच्या प्रेमकथा लिही.

"झाला का उजेड बघून?" ताई म्हणाली. तिच्या हातात ओले फडके होते. "झाला असेल तर ते कोपर उचल. मला पुसायचंय."

त्याने कोपर उचलले. ताईने पुसले. चहाचे वर्तुळ गेले. एक परिच्छेदही त्याच्याबरोबर गेला, पण ते ताईला सांगण्यात अर्थ नव्हता.

लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे गेलेली ही थोरली बहीण रोज सकाळी कामावर जाता जाता भावाकडे डोकावत असे. भाऊ जिवंत आहे ना, एवढेच बघायला येते, असे ती म्हणे. पुढे पुढे त्याची पुस्तके खपू लागली, तेव्हा ती मैत्रिणींना अभिमानाने सांगू लागली, की आमच्याकडे भुताचे लग्न जमते, भावाचे जमत नाही.

लोकांना मात्र दुसरेच कुतूहल. तुम्हाला हे सुचते कसे? वाचनालयात, दवाखान्यात, न्हाव्याच्या खुर्चीवर, जिथे म्हणून त्याची ओळख पटे तिथे हा प्रश्न त्याच्या मानगुटीवर बसे. एका कार्यक्रमात एका आजींनी सगळ्यांदेखत विचारले, "खरं सांगा हं, तुम्हाला ते दिसतात ना?" तो म्हणाला, "नाही हो." सभागृह हिरमुसले. मग सूत्रसंचालकाने विचारले, की प्रेरणा तरी कुठून मिळते? त्याने बराच विचार केला आणि प्रामाणिकपणे उत्तर दिले, "सकाळी." यानंतर त्याला कार्यक्रमांना बोलावणे कमी झाले.

त्याच्या संपादकबाईंनी तर एकदा प्रेरणेसाठी त्याला गावाबाहेरच्या एका ओसाड बंगल्यात धाडले होते. बंगला बाईंच्या ओळखीतला, बदनाम, करकरणाऱ्या पायऱ्यांचा. तो दोन दिवस राहिला. भुताचा मागमूस नव्हता. डासांचा मात्र होता. राखणदार दिवसाढवळ्या असा घोरत असे, की एखादे भूत असलेच तर तेच घाबरून निघून गेले असावे. तो सर्दी घेऊन परतला आणि त्याने तीन पाने लिहिली, तीही कशावर? राखणदाराच्या बायकोने डबा आणून ठेवला आणि नवऱ्याला न उठवता, त्याच्या उशाशी थोडा वेळ नुसतीच उभी राहून ती परत गेली, त्यावर.

"हे काय आहे?" बाईंनी विचारले होते.

"तिथे एवढंच होतं," तो म्हणाला होता.

खरी गोष्ट अशी, की त्याला भीतीतून काही सुचतच नसे. त्याला सुचे ते दोन माणसांमधल्या मोकळ्या जागेतून. बाकावर मध्ये ठेवलेली पिशवी, खुर्चीच्या पाठीवर विसावलेला आणि पाठीला न लागणारा हात, दार लोटून घेताना शेवटच्या बोटभर फटीत थबकलेली नजर. या जागेत कुणीतरी असते, असे त्याला लहानपणापासून वाटे. त्या कुणालातरी तो नाव देई, एखादा जुना अपघात देई, आणि नायिकेच्या घरी राहायला पाठवी. एका कादंबरीत बुडालेला नावाडी होता, एकीत घड्याळजी, एकीत पोस्टमन. वाचक ढसाढसा रडत. फक्त त्याच्या सगळ्या भुतांत एक खोड समान होती, आणि तिने संपादकबाईंचे डोके उठवले होते.

त्या आठवड्यात बुधवारी तो प्रकाशनगृहात गेला तेव्हा बाई हस्तलिखित पुढ्यात घेऊन, डोक्याला हात लावून बसल्या होत्या. प्रकाशनगृह म्हणजे दोन खोल्या. खाली काच कापणाऱ्याचे दुकान. तिथे काचेवर हिरा फिरला, की त्याची किंचाळी जिन्यातून वर येई आणि बाईंचे दात शिवशिवत. त्यामुळे त्या मुळात असत त्याहून थोड्या अधिक चिडलेल्या वाटत.

"ये. बस. मला एक सांग," त्या म्हणाल्या. "हे भूत आहे की भाडेकरू?"

"म्हणजे?"

"दार वाजवतं. परवानगी मागतं. ती बिचारी आत ये म्हणते, तर म्हणतं, नको, सहज आलो होतो! अरे, सहज? मेल्यानंतर माणूस सहज येतो?"

"त्याला तिला घाबरवायचं नाहीये."

"ती घाबरायला तयार बसलीये ना पण! निम्मं पुस्तक झालं, ती केस विंचरून घाबरायला तयार बसलीये, आणि हा जिन्यात उभा राहून तिच्या चपला सरळ करतोय." खालून काच किंचाळली. बाईंनी डोळे मिटले आणि उघडले. "आणि दुसरं. तीन पुस्तकांत तीन नायिका, आणि तिघींनाही चष्मा. तिघीही तो बाहीला पुसतात. एकीला तरी नीट दिसू दे रे बाबा!"

त्याने मान खाली घातली, कारण आतल्या खोलीचे दार उघडे होते, आणि आत टेबलाशी बसलेली मुलगी नेमका त्याच वेळी आपला चष्मा बाहीला पुसत होती.

तिला सगळे 'वेलांटी' म्हणत. ती प्रकाशनगृहाची मुद्रितशोधक. छापण्याआधी पुस्तकातल्या चुका शोधायच्या हे तिचे काम, आणि वेलांटीवरून तिने मोठमोठ्या प्राध्यापकांशी भांडणे केली होती, म्हणून हे नाव. तिला ते आवडे. ती येऊन तीन पुस्तके झाली होती. हा हिशेब कार्यालयात बाईंनी केला होता, अक्षरजुळणी करणाऱ्याने केला होता, चहावाल्यानेही केला होता. ज्याने करायला हवा होता त्याला सोडून बाकी सगळ्यांनी केला होता.

"शेवटचं प्रकरण शुक्रवारी पाहिजे," बाई म्हणाल्या. "आणि त्यात ते मनातलं बोललं पाहिजे. तोंडाने. सुस्कारा नाही, पडदा हलणं नाही, उशीवर ओलं पान नाही. शब्द."

"मनातलं बोलला तर तो भूत राहणार नाही, बाई."

"मग नको राहू दे! मुक्ती मिळू दे त्याला." बाईंनी हस्तलिखिताचा गठ्ठा त्याच्याकडे सरकवला. "मलाही मिळू दे. जा, आत जा, ती थांबलीये वाचनाला."

वाचनाची ही पद्धत बाईंच्या वडिलांपासून चालत आलेली होती आणि बाईंनी हट्टाने टिकवली होती. एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने समोर छापील कागद, म्हणजे प्रूफ, घेऊन ओळीओळीवर पेन्सिल फिरवत ताडून बघायचे. वाचणाऱ्याने विरामचिन्हेही उच्चारायची. आवाजात भाव आणायचा नाही. भाव आला, की ऐकणारा गोष्टीत शिरतो आणि चूक निसटते. इतर पुस्तकांना वेलांटीच्या समोर अक्षरजुळणी करणारा बसे. त्याच्या पुस्तकांना मात्र तो स्वतः येऊन बसे. लेखकाने यायची काही गरज नव्हती. पहिल्या पुस्तकाच्या वेळी तो चुकून आला होता आणि मग येतच राहिला होता.

टेबल अरुंद होते. खिडकीतून पलीकडच्या भिंतीवरचे पाइप दिसत. वेलांटीने पानाखाली पट्टी धरली आणि यादी वाचावी तशा सपाट सुरात वाचायला घेतले.

"अवतरण सुरू. जिन्यात कोणी आहे का, प्रश्नचिन्ह. अवतरण बंद. ती थांबली, पूर्णविराम. जिन्यात कोणी नव्हते, स्वल्पविराम, म्हणजे तो होता, पूर्णविराम. नवा परिच्छेद."

त्याची पेन्सिल ओळींवरून चालत होती. हे तास त्याला जगातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा प्रिय होते. आपण एकट्याने, सकाळच्या उजेडात, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने लिहिलेली वाक्ये समोरची व्यक्ती मोठ्याने आपल्यालाच म्हणून दाखवते आहे, आणि तरीही कुणी कुणाला काही म्हटलेले नाही. याहून सुरक्षित जागा त्याला ठाऊक नव्हती. ती 'मला तुझी सवय झाली आहे, पूर्णविराम' असे म्हणे, तो पेन्सिलीने बरोबरची खूण करी, आणि दोघे पुढच्या ओळीवर जात.

"तो एक पायरी उतरला, पूर्णविराम," वेलांटी वाचत होती. "मग तीच पायरी पुन्हा चढला, पूर्णविराम." जरा थांबून, त्याच सुरात, ती म्हणाली, "मला पाठ्यपुस्तकवाल्यांनी दुसऱ्या शहरात बोलावलंय, आणि शुक्रवारी मी हो की नाही ते कळवणार आहे, तेव्हा तुम्हाला मला काही विचारायचं असेल तर त्याच्या आत विचारा."

त्याची पेन्सिल पुढे सरकली. थबकली. ती ओळ तिथे नव्हती. त्याने वरची ओळ पाहिली, खालची पाहिली. परिच्छेद पहिल्यापासून पाहिला. पान उलटले, मागचे पान पाहिले. त्याच्या कानशिलांत काहीतरी वाजत होते. खाली काच किंचाळून दुभंगली.

"ही ओळ माझ्याकडे नाही," तो म्हणाला. "जुळणीत गळली असावी."

वेलांटीने त्याच्याकडे पाहिले. चष्मा काढला, पण पुसला नाही. नुसता हातात धरला आणि पुन्हा लावला.

"नसेल," ती म्हणाली. "मूळ प्रतीतही नाही. पुढे वाचते."

आणि तिने पुढे वाचले. प्रकरण संपेपर्यंत तिने एकही विरामचिन्ह गाळले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्याशी बसून त्याने ही गोष्ट ताईला सांगितली, तीही सांगायची म्हणून नव्हे, तर वाचनाच्या पद्धतीतला एक दोष म्हणून. भाव न आणता वाचले तर पुस्तकातले कुठले आणि बाहेरचे कुठले हे कळायला मार्ग राहत नाही, असे तो म्हणाला. उदाहरणार्थ, काल. ताई फडके पिळत होती. ती पिळायची थांबली.

"आणि तू काय केलंस?"

"शोधली."

"काय शोधलीस?"

"ओळ."

ताईने फडके ओट्यावर ठेवले, अगदी हळू, जणू ते फुटेल. "एवढी जिवंत बाई समोर बसलीये. तुला सांगतेय की बाबा, मी चाललेय, अडवायचं तर अडव. आणि तू कागदात ओळ शोधतोयस."

"तिथे बसलेल्या कुणाच्याही हातून हे झालं असतं."

"कुणाच्याही? मला दुसरं एक माणूस दाखव! दुसरा एक दाखव, मी त्याची पूजा करते!" ताई खुर्चीत बसली आणि लगेच उठली, कारण तिला कामावर जायला उशीर होत होता आणि याचाही तिला राग आला. "तुला ती आवडते का नाही? पडदा हलवू नकोस. तोंडाने बोल."

तो कागदाचा कोपरा दुमडत राहिला. मग म्हणाला, "हो."

"आईशप्पथ. शब्द फुटला." ताईने पर्स खांद्याला लावली. "आता ऐक. उद्या जा आणि तिला सांग, की मला कळलंच नाही, मला वाटलं पुस्तकातलंच आहे. बावळट म्हणेल फार तर. बावळट माणसाला बायका माफ करतात रे. तुझ्या भावजींना मी रोज करते."

ती गेली. उजेड फ्रिजपर्यंत पोहोचला. त्याने शेवटचे प्रकरण लिहायला घेतले. भूत जिना उतरले, दारापर्यंत आले, तोंड उघडले, आणि त्याच्या तोंडी घातलेले प्रत्येक वाक्य कागदावर आले की कुणा दुसऱ्याचे वाटू लागले. त्याने ते खोडले. भुताला पुन्हा जिन्यात नेऊन उभे केले. दिवसभर तो मनाशी आदल्या दिवशीचा प्रसंग घोळवत होता. आपण कशी वरची ओळ पाहिली, कशी खालची पाहिली, पान कसे उलटले. प्रत्येक फेरीत तो शोध अधिक खरा, अधिक तपशीलवार होत गेला. सरावलेला लेखक होता तो. संध्याकाळपर्यंत त्याने स्वतःला इतके छान पटवले होते, की त्याला स्वतःची थोडी कीवही आली.

शुक्रवारी तो प्रकाशनगृहात पोहोचला तेव्हा बाई दारातच होत्या.

"शेवट आणलास?"

"नाही."

"नाही?" बाईंनी छताकडे पाहिले, मग जिन्याकडे, मग त्याच्याकडे; मदत कुठूनच येईना. "मग काय घेऊन आलायस?"

त्याने आतल्या खोलीकडे पाहिले. बाईंनीही पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा संताप जागच्या जागी राहिला, पण तो थोडा बाजूला सरकून उभा राहिल्यासारखा झाला.

"जा," त्या म्हणाल्या. "तिचा फोन व्हायचाय अजून. आणि ऐक, दार वाजवू नकोस. सरळ आत जा."

त्याने तरीही दार वाजवले.

वेलांटी पेन्सिलींना टोक काढत होती. टेबलावर लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचा ढीग झाला होता. तिने मान वर केली, समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवले आणि हातातल्या पेन्सिलीचे टोक पूर्ण केले.

"परवाची ती ओळ," तो म्हणाला. खुर्चीत तो नेहमीप्रमाणे अंग चोरून बसला होता. "तिच्याबद्दल बोलायचं होतं."

"बोला ना."

त्याने तोंड उघडले. खाली कुणीतरी काच मोजत होते. माणसांचे आवाज येत होते, किंचाळी येत नव्हती.

"थांबा, मीच आधी सांगते," ती म्हणाली. "नाहीतर संध्याकाळ होईल. मला वाटलं, तुम्ही नाही म्हणालात. सभ्यपणे. तुमच्या त्या भुतासारखं. मला राग आला, मग माझंच हसू आलं, मग परत राग आला. काल बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, अगं, त्याला कळलंच नसणार! तो खरोखर ओळ शोधत बसला असणार! माणूस तसाच आहे तो." तिच्या ओठांच्या कडेला हसू येऊन थांबले होते. "आणि मला ते पटलं. म्हणजे, पटावंसं वाटलं. तुम्ही नाहीतरी पुस्तकात शिरलात की तुम्हाला आग लागल्याचंही कळत नाही."

त्याने टेबलावरचा एक पापुद्रा बोटाने बाजूला सरकवला.

"कळलं नसेल तर माझा काही राग नाही," ती म्हणाली. "मी पुन्हा विचारेन. यावेळी कागद बाजूला ठेवून. पण कळलं असेल, आणि तरी तुम्ही माझ्यासमोर पानं उलटत बसला असाल, तर मला इथे राहण्यात काही अर्थ दिसत नाही. मग मी त्यांना फोन करते. तेव्हा सांगा. खरंच शोधत होतात?"

उत्तर तयार होते. ताईने दिलेले, बाईंनी आधीच पोहोचवलेले, त्याने स्वतः दिवसभर घासूनपुसून लख्ख केलेले. 'हो' म्हणायचे होते, बस. ती हसली असती. पुन्हा विचारले असते. बावळट म्हणाली असती आणि तो शब्द त्याने जन्मभर दागिन्यासारखा मिरवला असता. त्याच्या सगळ्या भुतांना लोकांनी एवढ्यासाठीच तर माफ केले होते, की बिचारी नव्हतीच तिथे. त्यांना दार उघडता येत नव्हते, मनातले बोलायला आवाज फुटत नव्हता, त्यांचा इलाज नव्हता.

समोर मात्र त्याच्या अगदी जवळ, टेबलाच्या त्या अरुंद अंतरावर, एक माणूस बसले होते आणि वाट बघत होते. तिच्या बोटांना शिशाचा काळा रंग लागला होता. या खोलीत पहिल्यांदाच कुणाच्या हातात कागद नव्हता. आपण आता काहीही म्हटले, तर ते आपणच म्हटलेले असेल, हे त्याच्या लक्षात आले.

"पानं मी उलटली," तो म्हणाला. आवाज त्याला परका वाटला. "पण मी काही शोधत नव्हतो."

वेलांटीच्या ओठांच्या कडेचे हसू गेले. ती नुसती बघत राहिली.

"तुम्ही बोलत होतात ना," तो म्हणाला, "तेव्हाच मला कळलं होतं, की ते तुम्ही मला विचारताय."